बेदाण्यांशेजारी निजवलेलं झाड

“हे जिवंत आहे की मेलेलं?” ह्यांनी विचारलं.

टेबलावर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळांची जुडी पडली होती. आल्याच्या गड्ड्याला दोऱ्या फुटाव्यात तशी. वर एकही पान नव्हतं. ती घेऊन आलेला गृहस्थ आमच्या अभिनंदनचा मित्र, मूळचा इचलकरंजीचा. दोघं जर्मनीत एकाच कंपनीत. चहाचा कप हातात धरून तो अवघडून बसला होता.

“जिवंत आहे, काका. होस्टा म्हणतात ह्याला. अभिच्या दारातलंच आहे. लग्नाच्या दिवशी त्या दोघांनी—”

“चहा निवतोय,” हे म्हणाले आणि उठून बाहेर ओट्यावर गेले.

तो जरा वेळ दाराकडे बघत राहिला. मग मलाच हळू आवाजात म्हणाला, “त्या दिवशी अँकेनं लावलं होतं. अभि म्हणाला, आईला दे. सावलीत ठेवा, काकी. एरवी नुसती पानं असतात, उन्हाळ्यात जांभळी फुलं येतात. काही करावं लागत नाही. आपोआप येतात.”

अँके ही माझी सून. तोवर मी तिला फोटोतच पाहिलं होतं, तेही एकदाच. पाच महिन्यांपूर्वी पाकिटातून लग्नाचा तो फोटो आला, आधी ना फोन, ना विचारणं. ह्यांनी तो पाहिला, पाकिटात परत घातला आणि पाकीट कपाटावर ठेवलं, माझा हात पोचत नाही तिथं. त्यानंतर दर रविवारी सकाळी अकराला फोन वाजायचा. हे उचलायचे, पलीकडचा आवाज ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. एक शब्दही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची.

आम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं होतात. त्या संध्याकाळी जेवताना माझं लक्ष मागच्या दाराकडे होतं. न्हाणीच्या भिंतीलगत, पेरूच्या सावलीत मी ती जुडी कुंडीत लावली होती.

“कंदमूळ खात नाहीस आणि कंद पोसायला घेतलास,” हे म्हणाले.

“बोला ना हो त्याच्याशी. एकदा बोला.”

“कशाला?”

“मुलगा आहे आपला.”

“मुलगा असता तर विचारलं असतं.” ह्यांनी भाकरी मोडली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, हसले. “असं करू. ते तुझं झाड फुलेल ना, त्या दिवशी बोलेन. बर्फातलं झाड आपल्या मिरजेच्या उन्हात फुलतंय तेव्हा बघू.”

हसून बोलले तरी ह्यांचा शब्द म्हणजे शब्द, असं माझं बत्तीस वर्षांचं मत होतं. साखर कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली, पण कधी कुणाला दिलेला शब्द फिरवला नाही. मी तो तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात गेले. पार्श्वनाथांच्या समोर बसून मी रोजचे नियम घेते. आज अमुक धान्यं, आज इतकीच वस्त्रं, आज गावाबाहेर जाणार नाही. लहानपणापासूनची सवय आहे, त्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. त्या दिवशी मी आणखी एक नियम घेतला. जोवर वडील मुलाशी बोलत नाहीत, तोवर मीही बोलणार नाही. त्याला लिहिणार नाही, त्याचं आलेलं वाचणार नाही. जगातली सगळ्यांत गोड वस्तू मी सोडली होती. एवढा त्याग वाया जाणार नाही, असं मला मनापासून वाटत होतं.

हे कुणालाही सांगितलं नाही. नियम सांगायचा नसतो.

तेव्हापासून रविवारी अकराला फोन वाजला की मी देवघरात जाऊन बसायची. महिन्याला एक पत्र यायचं, पाकिटावर माझं नाव. ती मी न फोडता पूजेच्या पेटीत खाली ठेवून द्यायची.

*

पहिल्या वर्षी पानं आली. केवढी देखणी! पळसाच्या पानाएवढी, निळसर हिरवी, शिरा अशा की कुणी बोटानं ओढल्यात. मला वाटलं, आता फुलंच. चैत्र गेला, वैशाखात पानांच्या कडा करपल्या. आषाढ, श्रावण गेले. फूल नाही.

मी ताकाचं पाणी घातलं. शेणखत घातलं. आमच्याकडे भांडी घासायला येणारी मालन म्हणाली, “काकी, ह्येला दृष्ट लागलीया,” आणि तिनं स्वतःच्या मनानं एक काळी चिंधी कुंडीला बांधली. ती मी राहू दिली.

दुसऱ्या वर्षी पानं तळहाताएवढीच आली. कोंबही कमी. जेवताना हे एकदा म्हणाले, “तुझा कंद आटायला लागलाय.” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट जरा वाईट वाटल्यासारखं होतं. पण रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी तो पुन्हा ठेवून दिला. देवघरात मला तो ठेवल्याचा आवाज आला.

मी कुणाकुणाला विचारलं म्हणून सांगू. मिरजेच्या रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, नावच ऐकलं नाही. शेतकी शाळेतले एक निवृत्त गुरुजी येऊन पान चोळून, वास घेऊन गेले. म्हणाले, परदेशी आहे, आपल्याला त्याचं शास्त्र माहीत नाही. शास्त्र माहीत असलेला एकच माणूस होता आणि त्याच्याशी मी बोलत नव्हते.

भाऊबीजेला तासगावला गेले तेव्हा धाकट्या भावाला, धरणेंद्रला म्हटलं, “तू विचार ना त्याला.”

“कुणाला? अभिला? तूच विचार की, अक्का. हा घे फोन.”

“तू विचार. मी आत जाते.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. पण माझा हा भाऊ फार खोदून विचारणारा नाही. मी आत वहिनीजवळ जाऊन बसले. दारातून त्याचं मोठ्यानं बोलणं कानावर येत होतं, म्हणून मी मनात णमोकार मंत्र म्हणायला लागले. थोड्या वेळानं तो आत आला.

“म्हणतो, थंडी लागते त्याला. तिकडं हिवाळाभर ते बर्फाखाली झोपतं. पानं सगळी जातात. अडीच-तीन महिने चांगलं गारठलं, की मग पुढच्या उन्हाळ्यात फूल. आपल्याकडं झोपच मिळेना त्याला, म्हणून फुलंना.” तो थांबला. “पत्रांत सगळं लिहिलंय म्हणाला. आईनं वाचली नाहीत का, असं विचारत होता.”

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“अक्का?”

“आता अडीच महिने गारठा कुठून आणायचा रे?” मी म्हटलं.

धरणेंद्र हसायला लागला. असा हसला की वहिनी चुलीपासून उठून आली. “अगं, मी काय करतो? काय काम करतो मी?”

तासगाव बेदाण्याचं गाव. द्राक्षं वाळवून केलेला बेदाणा तिथं मोठमोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवतात, आणि धरणेंद्र तशाच एका कोल्ड स्टोरेजचा मॅनेजर होता.

“चार डिग्री असतंय आत,” तो म्हणाला. “बर्फ नाही, पण गारठा म्हणशील तर हाडं वाजतील. मालक विचारतील हे काय, तर सांगतो, आमच्या अक्काचा नवस आहे.”

“नवस नाही,” मी म्हटलं.

“बरं, नवस नाही. मग काय आहे?”

“कुंडी कधी आणू ते सांग,” मी म्हटलं.

*

कुंडी तासगावला न्यायची तर एस.टी. बदलून जावं लागणार. माझा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. हे म्हणाले, “तुला जमायचं नाही. मी नेतो.”

मी बघतच राहिले. पोत्याच्या तुकड्यात कुंडी गुंडाळून, मांडीवर घेऊन हे सकाळच्या एस.टी.नं गेले. संध्याकाळी परत आले ते वेगळेच दिसत होते. हातपाय धुतले, पाटावर बसले.

“ठेवली?”

“ठेवली. बेदाण्याच्या खोक्यांच्या मागं, कोपऱ्यात.” जरा थांबून म्हणाले, “चार डिग्री. पुरेसं आहे म्हणे.”

“कोण म्हणे?”

“धरणेंद्र.”

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी हे तासगावला जायला लागले. “कुंडी बघून येतो,” म्हणायचे. धुतलेलं धोतर, कोट, टोपी. मी डबा करून द्यायची. ह्यांचं मन झाडाकडे वळतंय म्हणजे हळूहळू मुलाकडेही वळेल, असं मी समजत होते आणि बस्तीत जास्त वेळ बसत होते. रविवारचा फोन मात्र मार्गशीर्षात बंद पडला. एक रविवार, दोन रविवार, मग वाजलाच नाही. पत्रंही थांबली. मला वाटलं, मुलानं आशा सोडली. घाई करायला हवी, असं वाटायचं. पण झाडाला काय घाई करणार.

पौषात मी एकदा हट्टानं गेले. धरणेंद्रनं मला एक जाड कोट अंगावर चढवला, बेदाण्याचा आंबूसगोड वास असलेला. आतलं जाड दार उघडलं आणि तोंडावर थंडी आली. छतापर्यंत खोकीच खोकी. मागं कोपऱ्यात जमिनीवर माझी कुंडी. तिच्यात नुसती माती. पानं सडून काळी पडली होती, मालननं बांधलेली चिंधी तेवढी होती.

“मेलंय रे हे.”

“अभि म्हणतो असंच दिसतं.”

“तू बोलतोस त्याच्याशी?”

धरणेंद्र खोक्यांवरची चिठ्ठी वाचायला लागला. “अधूनमधून,” म्हणाला. “चल बाहेर, तुला थंडी बाधेल.”

माघ संपता संपता कुंडी घरी आली. आठ दिवस काही नाही. नवव्या दिवशी मातीतून पाच टोकं वर आलेली दिसली. जांभळट, टोकदार, गुंडाळलेली. मी मालनला हाक मारून दाखवलं. तिनं खाली बसून बघितलं आणि म्हणाली, “काकी, खरंच की. ही तर जमिनीतनं बाळाची बोटं आल्यागत दिसत्यात.”

त्या वर्षी उन्हाळाभर मी कुंडीभोवती ओलं पोतं गुंडाळून ठेवलं. पानं पहिल्या वर्षापेक्षाही मोठी झाली. आणि ज्येष्ठ सरताना मधोमध एक दांडा वर येऊ लागला. बोटभर, मग वीतभर. त्याच्या टोकाला मिटलेल्या कळ्यांचा तुरा होता. मी मोजल्या. बारा.

ह्यांना दाखवलं. “छान,” हे म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं की काहीतरी बोलणार होते. पण टोपी घालून बाहेर पडले.

आणि मग पावसाची झड लागली तशा गोगलगायी आल्या.

*

“आज किती, काकी?”

“सतरा.”

“काल चौदा हुत्या. पोरंबाळं घिऊन आल्या जणू.”

पहाटे सामायिक, म्हणजे माझं रोजचं ध्यान, झालं की मी कुंडीजवळ जायची. पानांच्या खाली, कुंडीच्या काठावर, मातीत त्या बसलेल्या असायच्या. पाठीवर शंख असलेल्या, आमच्याकडे सोयाबीनवर पडतात त्याच. मी पानाच्या तुकड्यानं एकेक उचलायची, बादलीत ठेवायची, आणि ओढ्यापलीकडे नेऊन सोडायची. दुखऱ्या गुडघ्यानं जाऊन यायला अर्धा तास लागायचा.

मालन कमरेवर हात ठेवून बघायची. “ह्या काय लेकी हायत व्हय तुमच्या, सासरी पोचवायला? आवं, चिमूटभर मीठ टाका. पाण्यागत हुत्यात बघा.”

“असं बोलू नये, मालन.”

“मी बोलून काय हुतंय. त्या खायच्या थांबत्यात व्हय.”

बारा कळ्यांच्या नऊ झाल्या. नवाच्या सहा. पानांची जाळी झाली. ओढ्यापलीकडे सोडलेल्या परत येत होत्या की नव्या येत होत्या, मला कळत नव्हतं. कुंडी उंच स्टुलावर ठेवली, स्टूल पाण्याच्या परातीत ठेवलं. त्या पेरूवरून उतरून आल्या. कुंडी घरात घेतली तर दोन दिवसांत दांडा उजेडाकडे वाकायला लागला. परत बाहेर ठेवली. राखेचं कडं केलं ते पावसानं वाहून गेलं.

शनिवारी सकाळी तीन कळ्या उरल्या होत्या. संध्याकाळपर्यंत दोन.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी माझ्या ताटात मीठ नसतं. तसा प्रत्येक वाराचा माझा एकेक त्याग ठरलेला आहे, रविवारचा मिठाचा. दिवसभर अळणी जेवले. ऊन उतरल्यावर स्वयंपाकघरात गेले, खडेमिठाचा डबा काढला आणि मागच्या दारी आले. मातीतच त्या लपतात हे मला ठाऊक होतं, म्हणून काठावर टाकलं, भोवती टाकलं आणि मातीवरही टाकलं. मूठ भरभरून. हात धुतले, दिवा लावायच्या आत जेवणाची झाकपाक केली. ह्यांना काही सांगितलं नाही.

सकाळी कुंडीभोवती फेस होता. अकरा शंख मोजले आणि मग मोजायचं थांबवलं. एक अजून हलत होती. मी तिथंच पायरीवर बसले. लहानपणी चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून आई आम्हाला खाली बघून चालायला लावायची.

मालन आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती बघत उभी राहिली आणि मग तिनं कोपऱ्यातला झाडू घेतला.

“तुमी आत जावा, काकी,” म्हणाली. “मी करते हे.”

दोन कळ्या शाबूत होत्या.

*

बुधवारी सकाळी त्यातली एक उमलली. गुलबक्षीएवढं फूल. फिकं जांभळं, खाली मान घातलेलं. वास नव्हता.

हे आरशासमोर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. मी दारातून म्हटलं, “फुललं.”

हे आले. वाकून बघितलं. चष्मा आणायला परत गेले, लावून पुन्हा बघितलं.

“बारीकच आहे की गं.”

“बोला आता त्याच्याशी.”

“कुणाशी?”

“अभिनंदनशी. तुम्ही म्हणाला होता, हे फुलेल त्या दिवशी बोलेन.”

ह्यांनी मान वर केली. “मी म्हणालो होतो?”

“हे आलं त्या दिवशी. जेवताना. भाकरी मोडताना.”

हे माझ्याकडे बघतच राहिले. गालावरचा साबण सुकत चालला होता. मला वाटलं, आता शब्द फिरवतायत. आयुष्यात पहिल्यांदा.

“अगं, पण मी बोलतोय की त्याच्याशी,” हे म्हणाले. “दिवाळीपासनं.”

पेरूवर कुठलासा पक्षी ओरडत होता.

“कुठून?”

“तासगावातनं. धरणेंद्रच्या ऑफिसातनं. कुंडी घेऊन गेलो त्या दिवशी धरणेंद्र त्याला फोन लावून विचारत होता, किती गारठा पाहिजे म्हणून. त्याला ते डिग्रीचं नीट कळेना, माझ्या हातात दिला फोन. पहिल्या दिवशी नुसतं डिग्रीवरच बोललो आम्ही.” हे जरासे हसले, मग हसू गेलं. “मग सवय लागली. दर पंधरवड्याला.”

“मला सांगितलं नाहीत.”

“कसं सांगणार? फोन वाजला की तू देवघरात जाऊन बसायचीस. त्याची पत्रं फोडत नव्हतीस. मी पेटीत बघितली एकदा, सगळी बंद. मला वाटलं, मी रागात होतो ते होतो, पण हिनं तर धर्मासाठी सोडलाच त्याला. झाड तेवढं ठेवलंस आणि मुलगा सोडलास. आता मी बोलतो म्हटलं तर तू आणखी काय सोडशील ह्याची मला भीती वाटायची, बाई.”

“मी नियम घेतला होता,” मी म्हटलं. “तुम्ही त्याच्याशी बोलाल तोवर मी बोलणार नाही, असा.”

हे तिथंच पायरीवर बसले.

“मग सांगायचं होतंस.”

“नियम सांगायचा नसतो.”

हे खांद्यावरच्या टॉवेलनं गाल पुसत राहिले, साबण निघून गेल्यावरही.

“त्याला काय वाटलं?” मी विचारलं.

“त्याला काय वाटणार.” ह्यांनी चष्मा काढून पुसला. “आधी दर खेपेला विचारायचा, आई येते का फोनवर. मी म्हणायचो, थांब जरा, तिचं अजून मन होत नाही. आता विचारत नाही.” मग जमिनीकडे बघत म्हणाले, “मुलगी झालीय त्याला. चैत्रात. आईला सांगू नका म्हणाला. तिच्या व्रतात उगीच अडचण नको.”

“नाव काय ठेवलं?”

“लीना. दोन्हीकडं चालतं म्हणे.”

ते फूल एकच दिवस टिकलं. दुसरी कळी उमलली नाही. मीठ मुरलं होतं मातीत, पावसानं सगळं मुळांपर्यंत नेलं. महिनाभरात पानं पिवळी पडून कुंडीत चिखल तेवढा उरला. धरणेंद्र म्हणाला होता, झोपलं असेल, पुन्हा तासगावला आण. मी उकरून बघितलं. मूळ बोटात पिठासारखं झालं होतं. चातुर्मासात आमचे मुनी महाराज आले तेव्हा त्या अकरा जिवांचं प्रायश्चित्त मी घेतलं, ते अजून चालू आहे. बाकीच्याचं प्रायश्चित्त कुणाकडे मागायचं असतं, हे मला माहीत नाही. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या बुधवारी मला थांबवत नव्हतं. हे म्हणाले, तिकडं अजून पहाट आहे, थांब. मी अंघोळ केली, बस्तीत जाऊन आले, नियम संपवल्याचं देवाला सांगितलं. परत येऊन फोनजवळ बसले. अकरा वाजता ह्यांनी फोन लावला. एवढा लांब नंबर, चिठ्ठी न बघता.

“अभि? हां. अरे, ऐक. आई बोलतेय.” आणि माझ्या हातात दिला.

“अभि,” मी म्हटलं.

“आई?”

“कसा आहेस?”

“बरा आहे. तू? गुडघा कसा आहे?”

“बरा आहे. अरे, ते झाड फुललं.”

“कुठलं?”

“तू पाठवलेलं. तुझ्या दारातलं.”

“हां, होस्टा. ते घर आम्ही सोडलं, आई. दीड वर्ष झालं. आता चौथ्या मजल्यावर आहोत.”

“हो का.”

“हो.”

“अभि, मी ना, तेव्हा एक नियम—”

“असू दे, आई. अप्पांनी सांगितलंय मला तुझं. माझं काही नाही त्याबद्दल. खरंच. सवय झाली आता.”

आवाजात राग नव्हता. लहानपणी ताप आला की मला घाबरवायला नको म्हणून तो असाच बोलायचा, समजूतदार. मला पुष्कळ बोलायचं होतं. हे समोर उभे होते, हात मागं बांधून.

“बाळ आहे का रे जवळ?” मी विचारलं. “तिचा आवाज ऐकव की मला.”

“झोपलीय,” तो म्हणाला.

मागं ती रडत होती. अगदी जवळ, बहुतेक त्याच्या खांद्यावरच. मधेच कुणीतरी बाईमाणूस तिच्या भाषेत तिला समजावत होतं.

“झोपू दे हं,” मी म्हणाले.